साथीचा शोध आणि पोलिसी शोध : म्हैसूरच्या निमित्ताने

जुलै २०२५ च्या अखेरीस मुंबईच्या साकीनाका पोलीस ठाण्याचे पथक थेट म्हैसूरला जाऊन धडकले आणि तेथे चालणारा मेफेड्रोनचा कारखाना त्याने उघडकीस आणला. या प्रकरणात जप्त झालेल्या मालाची किंमत सुमारे ३९० कोटी रुपये असल्याचे जाहीर झाले. दोन्ही राज्यांतील वृत्तपत्रांनी ती रक्कम ठळक अक्षरांत छापली. मुंबईच्या पोलिसांना जे दिसले ते कर्नाटकाच्या पोलिसांना का दिसले नाही, यावर चार दिवस आरोप-प्रत्यारोप झाले आणि मग सारे शांत झाले.

या गदारोळात एक प्रश्न मात्र कोणी विचारल्याचे दिसले नाही. हा माल अखेर ज्यांच्या शरीरात जाणार होता, ती माणसे कोण? ती काय काम करतात, कोठे राहतात, कोणत्या आजारांना बळी पडतात? कोटींचा हिशेब झाला, माणसांचा झाला नाही.

मेफेड्रोन आपल्याकडे बहुधा नाकाने ओढले जाते किंवा पोटात घेतले जाते. म्हणून सुईच्या साथीशी त्याचा संबंध नाही, असे समजून स्वस्थ बसता येणार नाही. रुमानियात याच जातीच्या कृत्रिम मादक द्रव्यांचा प्रसार झाला, तेव्हा सुईने नशा घेणारी अनेक माणसे हेरॉइन सोडून त्यांकडे वळली. या द्रव्यांचा अंमल लवकर उतरतो. साहजिकच दिवसातून दोन-तीनदा टोचून घेणारा माणूस अनेकदा टोचून घेऊ लागला. नेमक्या त्याच सुमारास परदेशी निधी आटल्याने स्वच्छ सुयांच्या वाटपाला कात्री लागली. परिणाम असा झाला की २०११ मध्ये बुखारेस्टमध्ये एचआयव्हीची साथ उसळली. बाजारातील माल बदलतो, तशी साथीची वाटही बदलते. ती वाट आधी ओळखायची असेल तर कारखान्यावर छापा घालून भागत नाही. त्या मालाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचावे लागते.

एका शब्दाची गोष्ट

येथे एक स्वतःची चूक सांगणे मला आवश्यक वाटते. इंग्रजीतून येणारी निवेदने, ठराव, अहवाल मराठीत आणणे हे माझे पक्षातील रोजचे काम. काही वर्षांपूर्वी आरोग्यविषयक एका टिपणात ‘सुईने अमली पदार्थ घेणाऱ्या व्यक्ती’ अशा अर्थाचा लांबलचक शब्दसमूह पुनःपुन्हा येत होता. जागा थोडी होती, वेळही थोडा होता. मी सरळ ‘गर्दुल्ले’ असा शब्द योजला आणि मजकूर छापायला धाडला.

अंक निघाल्यावर एका जुन्या कॉम्रेडचे पत्र आले. त्यांचा धाकटा भाऊ गिरणी बंद पडल्यावर गर्दच्या आहारी गेला होता आणि पुढे वारला होता. पत्र चार ओळींचे होते, त्यात राग नव्हता. ‘चौकीत, इस्पितळात आणि शेवटी स्मशानातही माझ्या भावाचा उल्लेख याच शब्दाने झाला. आपल्या पत्राने तरी त्याला माणूस म्हणावे,’ एवढेच त्यांनी लिहिले होते.

तो शब्द मी त्यानंतर वापरलेला नाही. हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. माणसाला आपण जे नाव देतो, त्यावरून त्याच्याकडे डॉक्टर पाठवायचा की हवालदार, हे ठरते. महाराष्ट्रात १९८० च्या दशकात गर्दचा विळखा पडू लागला, तेव्हा १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यात मुक्तांगण सुरू केले. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही गोष्ट मराठी वाचकांच्या मनावर ठसवण्याचे श्रेय या कामाला द्यावेच लागेल. परंतु त्या विचाराच्याही एक पाऊल पुढे जाणे आज गरजेचे झाले आहे. जो अजून व्यसन सोडू शकलेला नाही, कदाचित उद्याही सोडू शकणार नाही, त्याच्या प्राणांची किंमत समाजाच्या लेखी काय आहे, हा आजचा प्रश्न आहे.

साथ कोण घडवतो?

सुईने पसरणाऱ्या रोगांचे शास्त्र अवघड नाही. टोचून झाल्यावर सुईत आणि सिरिंजच्या टोकाशी रक्ताचा अंश उरतो. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजाराचा विषाणू अशा उरलेल्या रक्तात काही प्रकारच्या सिरिंजमध्ये ६३ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. केवळ सुईच नव्हे, तर द्रव्य विरघळवण्याचे झाकण, गाळण्याचा कापूस, वाटून घेतलेले पाणी यांतूनही तो पसरू शकतो. एचआयव्ही त्या मानाने नाजूक असतो, पण सुई हातोहात फिरू लागली की तोही पाहता पाहता पसरतो.

किती वेगाने पसरतो, हे मणिपूरने देशाला दाखवून दिले. १९८९ च्या सप्टेंबरपर्यंत तेथे सुईने नशा घेणाऱ्यांच्या रक्ततपासण्यांत एचआयव्ही आढळत नव्हता. ऑक्टोबरमध्ये पहिले रुग्ण आढळले आणि अवघ्या सहा महिन्यांत तपासलेल्यांपैकी निम्मे बाधित निघाले. चेन्नईत १९८६ मध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकारी निर्मला यांनी देशातील पहिले रुग्ण शोधून काढले होते. म्हणजे धोक्याची घंटा तीन वर्षे वाजत होती. तरीही राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, अस्तित्वात यायला १९९२ साल उजाडावे लागले.

साथ विषाणूने येते, पण ती किती पसरावी हे पुष्कळदा कायदा आणि पोलीस ठरवतात. याचा सर्वांत बोलका पुरावा स्कॉटलंडमध्ये मिळतो. एडिंबरामध्ये १९८० च्या दशकाच्या आरंभी औषध दुकानदारांनी सिरिंज विकणे थांबवले आणि पोलीस जवळ सापडलेली सिरिंज जप्त करू लागले. सुया दुर्मीळ झाल्या, पण नशा काही थांबली नाही. एकेक सुई अनेकांच्या हातांतून फिरू लागली. डॉ. रॉय रॉबर्टसन यांनी तेथील एका वस्तीतील आपल्या रुग्णांचे साठवून ठेवलेले रक्तनमुने तपासले, तेव्हा त्यांतील ५१ टक्के एचआयव्हीबाधित निघाले. हा अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्याच ग्लासगोत दारिद्र्य कमी नव्हते, नशाही कमी नव्हती, परंतु बाधितांचे प्रमाण तेथे कितीतरी कमी होते. याउलट ॲम्स्टरडॅममध्ये १९८४ मध्ये नशा घेणाऱ्यांच्या स्वतःच्याच संघटनेने जुन्या सुया घेऊन नव्या देण्याची व्यवस्था सुरू करवली. त्यांना भीती काविळीची होती, पण त्यामुळे एचआयव्हीलाही बांध पडला.

आणि सुईला नीती-अनीती कळत नाही, हेही विसरून चालणार नाही. गुजरातेतील मोडासा येथे २००९ मध्ये हिपॅटायटिस बीची जीवघेणी साथ पसरली. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊ येथे २०१८ च्या आरंभी एचआयव्हीचे अनेक रुग्ण एकदम उजेडात आले. दोन्ही ठिकाणी बोट दाखवले गेले ते दवाखान्यात आणि भोंदू डॉक्टरांकडे पुन्हा वापरल्या गेलेल्या सुयांकडे. तेथे बळी पडलेले लोक साधा ताप, अंगदुखी घेऊन गेलेले गोरगरीब होते. सुई तीच, विषाणू तोच, कारणही तेच : गरिबाच्या शरीरासाठी नवी सुई वापरणे महाग वाटणारी व्यवस्था. मग एकाला बळी म्हणायचे आणि दुसऱ्याला आरोपी, हा न्याय कोठला?

मोजायचे कसे, कोणाला विचारून?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुईने नशा घेणाऱ्यांची संख्या सुमारे साडेआठ लाख आहे. नाकोच्या २०२१ च्या पाहणीत या गटातील एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ९ टक्के आढळले. त्याच वर्षी देशातील प्रौढांमधील प्रमाण ०.२१ टक्के होते. म्हणजे ही माणसे इतरांपेक्षा चाळीस पटींहून अधिक भार वाहत आहेत. हिपॅटायटिस सीचे चित्र याहूनही भीषण आहे. चेन्नईची वायआरजी केअर संस्था आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी देशातील १५ ठिकाणी केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या संसर्गाच्या खुणा सुमारे ३७ टक्के लोकांत आढळल्या.

हे आकडे येतात कोठून? येथे अभ्यासकांपुढे मोठी अडचण उभी राहते. गिरणीतील कामगारांची यादी हजेरीपटावर असते, मतदारांची यादी तहसील कचेरीत असते. सुईने नशा घेणाऱ्यांची यादी कोठेच नसते आणि ती नसणेच त्यांच्या हिताचे असते. कारण १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या २७ व्या कलमान्वये केवळ सेवन हादेखील तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पाहणी करणारा विचारतो, ‘गेल्या महिन्यात किती वेळा टोचून घेतलेत?’ प्रामाणिक उत्तर म्हणजे गुन्ह्याची कबुली. एकाच सरकारचा एक हात माहिती मागतो आणि दुसरा हात बेडी घेऊन उभा असतो.

म्हणून अभ्यासकांनी साखळीची एक पद्धत शोधून काढली. आरंभी काही मोजकी माणसे निवडायची. त्या प्रत्येकाला दोन-तीन कूपने द्यायची. त्यांनी आपल्या ओळखीतल्यांना आणायचे, त्यांनी पुढच्यांना. प्रत्येकाची ओळख किती माणसांशी आहे हे विचारून, त्यानुसार हिशेबात वजन लावायचे. अशा रीतीने, नावांची यादी न करताही समूहाचे बऱ्यापैकी विश्वासार्ह चित्र हाती येते. दिल्लीत याच दिशेने आणखी पुढे जाऊन अडीच हजारांवर लोकांच्या परस्परसंबंधांचे जाळे रेखाटले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून असे दिसले की, संसर्गाचा धोका केवळ व्यक्तीच्या वागणुकीवर अवलंबून नसतो. ती व्यक्ती कोणत्या जागी, कोणत्या सोबत्यांत टोचून घेते, यावर तो फार मोठ्या प्रमाणात ठरतो. सवयीला दोष देणाऱ्या उपदेशकांनी हा निष्कर्ष नीट वाचावा. ज्याला घर नाही, त्याला आडोसा लागतो. ज्या आडोशाला सारे जमतात, तेथे साथही जमते.

अथेन्समध्ये २०११ मध्ये आर्थिक अरिष्टाच्या आणि काटकसरीच्या धोरणांच्या काळात अशीच साथ उसळली होती. तेथे ‘ॲरिस्टॉटल’ नावाच्या उपक्रमाने २०१२-१३ मध्ये याच साखळी पद्धतीने माणसे शोधली, त्यांची तपासणी केली आणि तेथल्या तेथे उपचारांशी जोडून दिले. नव्या संसर्गाचा वेग झपाट्याने उतरला. मोजणी आणि मदत ही दोन वेगळी कामे नाहीत, हा त्याचा अर्थ. मदत न देता केलेली मोजणी ही पाळतच असते.

पुन्हा, आकडा मिळाला म्हणजे सत्य मिळाले असेही नाही. जुलै २०२४ मध्ये ‘त्रिपुरात ८२८ विद्यार्थी एचआयव्हीबाधित’ अशी बातमी देशभर पसरली. जणू एका वर्षात एवढी मुले बाधित झाली, असा तिचा थाट होता. प्रत्यक्षात तो आकडा २००७ पासूनच्या सतरा वर्षांतील एकूण नोंदींचा होता आणि तसा खुलासा राज्याच्या एड्स नियंत्रण संस्थेला करावा लागला. खुलासा कितीजणांनी वाचला? बातमीने त्या मुलांच्या घरांवर जो डाग लावला, तो मात्र पुसला गेला नाही. ईशान्येतील सुईच्या साथीचा प्रश्न खरा आहे, गंभीर आहे. म्हणूनच त्याचे आकडे जबाबदारीने छापले पाहिजेत.

रँडशाही आणि म्हैसूर

मराठी वाचकाला हा सारा प्रकार नवा वाटू नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, रुग्णांना ओढून नेले, सामान जाळले. लोकांनी काय केले? रुग्ण लपवले. म्हणजे साथ मोजणाऱ्यांच्या नजरेआड गेली आणि वाढली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले स्वतः रुग्णांना दवाखान्यात पोचवत होत्या आणि त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. रोग्याकडे जाण्याचे हे दोन मार्ग आहेत, एक रँडचा आणि एक सावित्रीबाईंचा. सव्वाशे वर्षांनंतरही प्रत्येक साथीत आपल्याला त्यांतूनच निवड करावी लागते.

म्हैसूरने अलीकडच्या काळात ही निवड एकदा करून दाखवली आहे. दुर्दैवाने कारखान्यावरील छाप्याची जितकी चर्चा झाली, तितकी या गोष्टीची झाली नाही. म्हैसूर शहर इम्फाळसारखे सुईच्या साथीसाठी ओळखले जात नाही. तेथील प्रश्न होता वेश्याव्यवसायातील स्त्रियांमधील एचआयव्हीचा. त्या शहरात मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखी ठरावीक वस्ती नव्हती. बहुतेक स्त्रिया रस्त्यावर, बसस्थानकाजवळ, लॉजमध्ये व्यवसाय करत. म्हणजे सुईने नशा घेणाऱ्यांप्रमाणेच हाही एक लपलेला, विखुरलेला, पोलिसांच्या भीतीखाली जगणारा समूह होता.

२००४ मध्ये तेथे प्रतिबंधाचे काम सुरू झाले आणि पुढे त्यातूनच ‘अशोदया समिती’ ही या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. कोठे किती स्त्रिया आहेत, कोणत्या वेळी असतात, पोलिसांचा त्रास कोठे अधिक आहे, याचे नकाशे त्यांनीच काढले. दवाखाना कोठे असावा, तेथे कसे वागवले जावे, हे ठरवण्यातही त्यांचा वाटा होता. डॉ. सुषेणा रझा-पॉल आणि सहकाऱ्यांनी २००४ आणि २००६ मधील दोन पाहण्यांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध केली. सिफिलिस म्हणजे उपदंशाचे प्रमाण २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले होते. परमा म्हणजे गनोरियाचे ५ वरून २ टक्क्यांवर आले होते. एचआयव्हीचे प्रमाण मात्र २६ आणि २४ टक्के, म्हणजे जवळपास तितकेच राहिले.

हा शेवटचा आकडा पाहून एखादा घाईचा टीकाकार म्हणेल, मग साधले काय? येथेच आकडे वाचण्याचे शिक्षण उपयोगी पडते. उपदंश औषधाने बरा होतो. नवा संसर्ग थांबला की त्याचे प्रमाण लगेच उतरते. एचआयव्ही शरीरातून जात नाही. ज्यांना तो आधी झाला, त्या औषधोपचारावर जगत असतील, तर प्रमाण उतरणारच नाही. उतरले असते आणि कारण मृत्यू असते, तर ते यश म्हणायचे का? म्हणून नव्या संसर्गाचा वेग आणि जुन्या रुग्णांची संख्या यांत भेद करायला शिकले पाहिजे. पुढे याच संघटनेने संसर्ग होण्याआधीच घ्यायच्या प्रतिबंधक गोळीचा उपक्रम राबवला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार, सहभागी झालेल्या साडेसहाशेच्या आसपास स्त्रियांपैकी एकीलाही त्या काळात नवा संसर्ग झाला नाही.

आपल्या सांगलीतही ‘संग्राम’ने १९९२ पासून आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने १९९६ पासून हेच तत्त्व उभे केले. मुंबईत ‘संकल्प’ संस्था १९९५ पासून सुईने नशा घेणाऱ्यांमध्ये काम करत आली आहे. धडा एकच आहे. ज्याचा अभ्यास करायचा, त्याला अभ्यासात भागीदार केले, तर तो खरे सांगतो. नुसता नमुना केले, तर तो पळतो.

काही आक्षेप

आपल्याच साथींकडून ऐकू येणारे तीन आक्षेप येथे विचारात घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप : नशा हा कामगारवर्गाचा शत्रू आहे, मग नशा घेणाऱ्याला सुया वाटणे म्हणजे शत्रूला रसद पुरवणे नव्हे काय? नशा कष्टकऱ्याला पोखरते, त्याची एकजूट फोडते, यात शंका नाही. पण स्वच्छ सुई नशा निर्माण करत नाही. ती नशेबरोबर येणारा मृत्यू टाळते. एडिंबरामध्ये सुया बंद झाल्या, नशा बंद झाली नाही. शिवाय सुया देणारा कार्यकर्ता हाच बहुधा त्या माणसाच्या आयुष्यातला असा एकमेव माणूस असतो, जो त्याच्याशी पैसे किंवा गुन्हा या दोन विषयांखेरीज बोलतो. जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीपर्यंत, म्हणजे सुईपासून दूर नेणाऱ्या उपचारापर्यंत, पोचण्याची वाट तेथूनच जाते.

दुसरा आक्षेप : हे सारे परदेशी देणग्यांवर चालणारे स्वयंसेवी संस्थांचे काम आहे. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. म्हैसूरचे काम ज्या ‘आवाहन’ कार्यक्रमाखाली उभे राहिले, तो २००३ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशावर सुरू झाला होता आणि पुढे टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला गेला. देणगीदाराच्या मर्जीवर जनतेचे आरोग्य सोपवले तर काय होते, ते रुमानियात दिसले. पण यातून निघणारा निष्कर्ष असा की, हे काम सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने आपल्या कायम खर्चात घेतले पाहिजे. काम नको, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. औषधांच्या बाबतीत तर नफेखोरीचे स्वरूप उघडेनागडे दिसते. हिपॅटायटिस सी बरा करणारे सोफोसबुविर अमेरिकेत २०१३ मध्ये आले, तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांनी तेच औषध बनवू लागल्यावर ती किंमत कोसळली आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ते मोफत मिळू लागले. तथापि, गोळी मोफत आणि सुई दुर्मीळ, अशी स्थिती असेल तर बरा झालेला माणूस पुन्हा बाधित होणार. जागतिक आरोग्य संघटना दर माणशी वर्षाला २०० ते ३०० स्वच्छ सुयांचे उद्दिष्ट सांगते. आपण त्यापासून फार दूर आहोत.

तिसरा आक्षेप : मोठे प्रश्न बाजूला ठेवून हा मूठभरांचा प्रश्न कशाला? एंगेल्स यांनी १८४५ मध्ये इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी वस्त्यांतील रोगराईला आपल्या विवेचनात मध्यवर्ती स्थान दिले. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील तापाची साथ तपासायला गेलेल्या डॉ. रुडॉल्फ विर्खो यांनी औषधाबरोबरच लोकशाही, शिक्षण आणि रोजगार यांची मागणी केली. साथ ही समाजाची चिकित्सा असते. कोणता भाग सडला आहे, ते ती दाखवते. बंद गिरण्यांच्या चाळींत, सीमेवरच्या बेरोजगार जिल्ह्यांत, घरापासून तुटलेल्या स्थलांतरितांत सुई का शिरते, हा प्रश्न मूठभरांचा नाही.

करावयाची कामे

तेव्हा, नशेच्या व्यापाऱ्यांविरुद्ध कठोर कारवाईची मागणी करत असतानाच, पुढील मागण्या आपल्या शाखांनी उचलून धरल्या पाहिजेत.

एक, अमली पदार्थविरोधी मोर्चे काढताना व्यापारी आणि सेवन करणारा यांत स्पष्ट भेद करावा. आपल्या घोषणांत आणि फलकांवर माणसाला हिणवणारा शब्द असू नये. केवळ सेवनासाठी तुरुंगात घालण्याच्या तरतुदीविरुद्ध आपण बोलले पाहिजे.

दोन, एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या २२ व्या कलमाने स्वच्छ सुया व पर्यायी औषधोपचार यांसारख्या प्रतिबंधक उपायांना कायद्याचे संरक्षण दिले आहे. हे कलम आपल्या भागातील पोलीस ठाण्यास ठाऊक आहे काय, याची विचारणा करावी. याच कायद्यान्वये राज्याने लोकपाल नेमायचा आहे. आपल्या राज्यात तो नेमला आहे काय, त्याचे कार्यालय कोठे आहे, हे शोधून लोकांना सांगावे.

तीन, जिल्हा रुग्णालयात एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी, उपचार आणि पर्यायी औषधाची सोय एकाच जागी, एकाच दिवशी मिळावी. ज्याला राहायला घर नाही, त्याला तीन कचेऱ्यांचे हेलपाटे घालायला लावणे म्हणजे उपचार नाकारणेच होय.

चार, या लोकांमध्ये होणाऱ्या प्रत्येक पाहणीत त्यांचे प्रतिनिधी आरंभापासून असावेत, त्यांचा वेळ व प्रवास यांचा मोबदला मिळावा, नावे गुप्त राहावीत आणि निष्कर्ष त्यांच्या भाषेत त्यांच्यापुढे मांडले जावेत. इंग्रजी नियतकालिकात छापून आलेला अहवाल ज्यांच्या रक्तावर उभा आहे, त्यांच्यापर्यंत तो कधी पोचत नाही. भाषांतराचे काम करणारे आपण येथे काही करू शकतो.

म्हैसूरच्या कारखान्यातील माल जप्त झाला, पण त्याला असलेली मागणी जप्त झालेली नाही. उद्या तो माल दुसऱ्या शहरात तयार होईल, दुसऱ्या वाटेने येईल आणि कदाचित सुईच्या वाटेनेही येईल. त्या वेळी आपल्या हाती मणिपूरसारखे सहा महिनेच असतील. त्या सहा महिन्यांत तो माणूस आपल्याकडे येईल की आपल्यापासून लपेल, हे आज आपण त्याला कोणत्या नावाने हाक मारतो, यावर ठरणार आहे.